माहेरच्या ओट्यावरचा आकडा

गरोदर लेक अणुवीज केंद्राजवळ राहते, या धास्तीनं मी तिला सातव्याऐवजी पाचव्याच महिन्यात माहेरी, उंब्रजला आणलं, ही माझी चूक. केंद्रात नोकरीला असलेले जावई "धोका नाही" म्हणत होते. मी मात्र किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र विकत घेऊन त्यांच्या घरातला आकडा पाहून ठेवला होता.

घरी पोचताच तेच यंत्र मी ऐटीत आमच्या नव्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलं. आकडा तिथल्यापेक्षा वर चढला! लेकीचा हात पोटावर गेला. मी सेल बदलले, यंत्र ठोकलं, आकडा उतरेना. घाबरून जावयांना फोन लावला.

"दगडातून थोडा किरणोत्सर्ग येतोच, मामा. तिला घाबरवू नका."

लेक रडायला लागली होती. बायको म्हणाली, "आवं, ओटा बी हितंच ऱ्हाईल, पोर बी हितंच ऱ्हाईल. ते यंत्र घिऊन तुमी तेवढं भायेर निघा!"