अंगणातलं भात

"तिकडं बग जरा," ती म्हणायची. मी तिकडे बघायचो. म्हणजे रस्त्याकडे, धाब्याकडे, कुठेही. पाठीमागे कट् असा आवाज यायचा आणि मग ती पुढ्यात येऊन विचारायची, "काय रं, कोनी बगितलं नाय ना?"

चोरून नेलेली फांदी हमखास जगते, ही तिची पक्की समजूत. तुम्हीही कुणाचा तरी मनी प्लँट असाच पळवला असेल, उगाच साळसूद चेहरा करू नका. पण मालकाला आधी वर्दी देऊन चोरी करणारी बाई मी ती एकच पाहिली. माझी नर्सरी चौक गावात, कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शनिवार-रविवारी बंगलेवाले येतात, गाडीची काच अर्धी खाली करून "लॉन है क्या?" विचारतात. माझं डोकं फिरतं. हिचा मात्र कधी राग आला नाही. उलट मीच हाक मारायचो, "मावशी, पांढरी जास्वंद आलीय. कधी येताय चोरायला?"

तिचं घर पुढच्या गावात, रस्त्याला लागूनच. अंगणात दिवसभर ऊन. त्या उन्हात तिने काय लावलं नव्हतं! झेंडू, शेवंती, अबोली, गवती चहा, ओवा, पुदिना. रांग नाही, शिस्त नाही. गुलाबाच्या बुंध्यात कोथिंबीर. मी एकदा म्हटलं, "मावशी, हे काय, जरा आखून-रेखून लावा की." तर म्हणाली, "तू तुज्या दुकानात लाव आखून."

आणि या सगळ्याच्या मधोमध, बंगलेवाले जिथे लॉन करतात बरोबर तिथे, भाताचा वाफा. दोन खोल्यांएवढा असेल. त्याला चारी बाजूंनी बांध, पाणी धरायला. श्रावणात तो असा हिरवागार दिसायचा की बंगल्यावर आलेल्या एका पाहुण्याने माझ्याकडे येऊन ते गवत मागितलं. कुठलं गवत हे मला कळेना, म्हणून मी त्याला घेऊन थेट तिच्याकडे गेलो. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पोटात जातं ते. पायाखाली नाय घालायचं." पाहुणा ओशाळला. तिने त्याला गवती चहाची जुडी दिली आणि वाटेला लावलं.

त्यांचं शेत होतं. नवरा असतानाच विकलं. तिथे आता बंगल्यांची स्कीम आहे, मोठं गेट, आत पाळणे. शेतातून तिने आणलं ते फक्त बी. सासूने तिच्या ओटीत घातलेलं, सासूला तिच्या सासूने. त्यांच्या घरची रीतच तशी. ते बी विकायचं नाही, बाहेर द्यायचं नाही. आखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सुनेच्या ओटीत घालायचं, मग ते तिचं. मी एकदा मूठभर मागितलं.

"तुला? तू काय माजी सून हायेस?"

"अहो, पण एका घरात किती दिवस ठेवणार?"

"ठेवायचं नसतंच. पेरायचं असतं. सालोसाल पेरायला लागतं, नायतर मेलं बग. गावात आता कोनाकडं नाय. समदे पिशवीतलं आनतात."

त्या भाताला वास होता. लोंब्या भरल्या की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही यायचा. पीक आलं की दिवाळीला एका वेळचा भात शिजायचा, बस. बाकी सगळं बी. ते पेंढ्यात गुंडाळून, सुंभाने आवळून त्याची मुडी करायची आणि पडवीत आढ्याला टांगायची.

एका वर्षी तिचे गुडघे पार गेले. अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली आणि मला लावणीला जुंपलं. नर्सरीवाला असून माझी अशी हजेरी घेतली म्हणता! "पंगतीचे पाट मांडतोस का रं इतकं लांब लांब? जवळ लाव, जवळ." संध्याकाळी माझी कंबर मोडली, पण तिने केलेल्या पिठल्याची चव अजून तोंडात आहे.

मुलगा पनवेलला, सूनही तिथेच नोकरीला. रविवारी दोघं यायची. सून फ्लॅटमध्ये वाढलेली, पण झाडांची हौस दांडगी. मावशी तिच्यावर खूश होती. शेवटची आली तेव्हा मला म्हणाली, "ह्या आखातीला तिच्या ओटीत घालते आनि मोकळी व्हते. पोर शिकंल. मी हाय ना सांगायला."

आखाती तोंडावर असताना ताप आला. दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही.

मी गेलो, खांदा दिला. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. घरी येऊन हात-पाय धुतले, दुसऱ्या दिवशी नर्सरी उघडली, कुणाला तरी शेवंती दिली. दहाव्याला नदीवर मुलाने पिंड ठेवला आणि तो मागे सरतोय न सरतोय तोच कावळा शिवला. सगळे म्हणाले, समाधानाने गेली, जीव कशात अडकला नव्हता. मीही मान हलवली.

बाराव्याला मला घरच्यांच्या पंगतीत बसवलं. पान वाढलं आणि वास आला. मी आढ्याकडे पाहिलं. सुंभाचा तुकडा लोंबत होता.

मुलगा वाढत होता. डोळे सुजलेले. म्हणाला, "दादा, पोटभर जेवा. आमच्यात गेलेल्या माणसानं पिकवलेलंच पानात घालतात. भावकीतल्या बायकांनी कांडून दिलं. पिंडालाही हेच होतं. एक दाणा बाहेरचा नाही."

"बी काढून ठेवलंय ना?" मी विचारलं.

"असेल की. आईनं ठेवलं असेल कुठंतरी."

कांडणाऱ्या बायकांनाही तसंच वाटलं असणार. मी आणखी काय विचारतोय याची वाट बघत मुलगा उभा होता. मी म्हटलं, भात छान झालाय. तो पुढे गेला. मी जेवलो. अन्न पुढ्यात होतं, हात चालत होता.

मृग लागायच्या जरा आधी सून एकटी नर्सरीत आली. नखांत माती होती.

"दादा, वाफा केलाय मी. बांध घातले, शेणखत घातलं. आईंचं ते बी द्या ना. सगळं घर शोधलं, कुठेच नाही. आई रोपं तुमच्याकडूनच न्यायच्या, तेही इथूनच नेत असतील ना?"

"नाही ताई. माझ्याकडे कधीच नव्हतं."

"मग कुठे मिळेल? मी जाईन. कर्जतला, खालापूरला, कुठेही."

मी झारी खाली ठेवली. "पडवीत टांगलं होतं तेच बी. तेवढंच होतं. बाराव्याला शिजलं ते."

मागे रस्त्यावरून टेंपो गेला, धूळ उडाली, तिने डोळेही मिटले नाहीत.

"त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला होता," ती म्हणाली.

"मीपण," मी म्हटलं.