मागच्या सीटचं माप

गळ्यात टेप नाही अशी टेपमावशी कुणी पाहिलेली नाही. चाळीस वर्षं ती कपडे शिवते आहे आणि तिच्या मापात खोट काढायची कुणाची टाप नाही. अशा या बाईनं अठ्ठावन्नाव्या वर्षी तीनचाकी मोटरसायकल घेतली, पुढे दोन चाकं आणि मागे एक. साध्या मोटरसायकलवर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. गल्लीनं तोंडात बोटं घातली. मावशीनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण गाडी तिनं स्वतःच्या हौसेसाठी घेतलीच नव्हती.

ती घेतली होती नवऱ्यासाठी. नवरा विजेच्या खांबांवर चढणारा लाइनमन, जन्मभर मोटरसायकलवर हिंडलेला. कंबरेचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवणं सुटलं. पाठोपाठ डाव्या गालाची नस बिघडली. नुसती झुळूक लागली तरी जीव कळवळायचा. "जन्मभर तारा हाताळल्या, कधी शॉक बसला नाही," तो म्हणायचा. "आता वाऱ्यानं बसतो." गोळ्यांनी दुखणं बरंच आटोक्यात आलं, पण धास्ती गेली नाही. तीन वर्षं तो खिडकी लावून घरात बसून होता. मुलीनं मोटार पाठवली तर म्हणाला, "बंद डब्यात एकदाच जायचंय. तेव्हा जाईन की."

हे ऐकलं आणि मावशीनं मनाशी ठरवलं, याला मोकळ्या गाडीवर बसवायचं आणि गालाला वारा लागू द्यायचा नाही. गाल झाकणारं हेल्मेट चालत नव्हतं, आतली गादी घासायची. राहिली ती गाडीची पुढची काच.

गाडीच्या पुस्तकात पहिलं सर्व्हिसिंग हजार किलोमीटरला लिहिलं होतं. मावशी सहाशेलाच गॅरेजमध्ये हजर.

"मावशी, अजून चारशे बाकी आहेत," मेकॅनिक म्हणाला.

"नवा कपडा पहिल्या धुण्यातच खोड दाखवतो. तू उघड. आणि डावीकडे ओढतेय ती, तेही बघ."

मेकॅनिकनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नट आवळले. ओढण्याचं मात्र त्याला काही खरं वाटेना. तिचं मन राखायला म्हणून त्यानं पुढच्या चाकांची रेष मोजली, तर दोन मिलिमीटरचा फरक निघाला. त्या दिवसापासून तो तिच्याशी वाद घालत नाही.

मग काच. कंपनीची काच छातीपर्यंतच होती, तिच्यावरून उडालेला वारा थेट मागे बसणाऱ्याच्या तोंडावर जायचा. काचेची वरची कड चालवणाऱ्याच्या नाकाच्या शेंड्याइतकीच हवी, असं मेकॅनिकनं सांगितलं. रस्ता काचेवरून दिसावा, काचेतून नव्हे. मावशी सीटवर बसली, टेप लावला, कोटाचा कापावा तसा कागदाचा खाका कापला. दुकानांच्या पाट्या करणाऱ्यानं त्यावरून जाड पारदर्शक प्लास्टिकची काच कापून दिली.

पहिल्याच फेरीत कड बरोबर डोळ्यांसमोर आली. अर्धा रस्ता काचेत, अर्धा बाहेर. रस्ता नीट दिसेना म्हणून मावशी गाडी ढकलत परत आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचं माप चुकलं होतं, आणि का चुकलं ते तिला वाटेतच उमगलं. टेप दिसला की माणूस ताठ होतो. गिऱ्हाइकाला ती रोज बजावते, "श्वास सोडा, घरात उभे राहता तसे राहा." स्वतः मात्र फोटो काढायला बसल्यासारखी बसली होती. तिला स्वतःचंच हसू आलं.

"मी बडबडत असेन तेव्हा खूण कर," तिनं मेकॅनिकला सांगितलं, आणि प्लास्टिकच्या किमतीवरून त्याला झापायला सुरुवात केली. तिचे खांदे सैल पडताच त्यानं खडूची रेघ मारली. रेघेवरची तीन बोटं रुंद पट्टी कापली असती तर वारा पुन्हा मागे गेला असता. म्हणून मावशीनं ती पट्टी गरम करून बाहेर वळवून घेतली, कॉलर दुमडावी तशी. मग मेकॅनिकला डाव्या गालावर शिवणाचे दोरे चिकटवून मागे बसवलं. हा एवढा दांडगा बाप्या गालाला रंगीत दोरे लावून गावभर फिरला. दोन फेऱ्यांत दोरे वळवळले. मावशीनं दोन्ही वेळा वळण बदललं. तिसऱ्या फेरीत दोरे जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा मागे बसला. कळ आली की पाठीवर दोनदा थोपटायचं, असं ठरलं. गावाबाहेरचा चढ लागला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मावशी श्वास धरून बसली होती.

पाठीवर दोनदा थाप पडली.

तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मागे वळून बघायचं धाडस होईना.

"अगं, थांबलीस कशाला?" तो वैतागला. "चौथा गिअर टाक. चढ कधीच संपला, अजून तिसऱ्यातच ओढतेयस. इंजिन बोंबलतंय, ऐकू येत नाही का तुला?"

कामात नाक खुपसलेलं मावशीला कधीच खपत नाही. पण तिनं डोळे पुसले, गाडी चालू केली आणि घरी येईपर्यंत तो सांगेल तेव्हा, तो सांगेल तो गिअर टाकला.