कपाशीच्या गुडघ्यांचं औषध

कापसात काम करणाऱ्या माणसाच्या सदऱ्याला तंतू चिकटतात आणि कितीही झटकले तरी दोन-चार राहतातच. किस्स्यांचं तसंच. लढाईच्या वर्षांत मी कारंज्याच्या बाजूला बियाण्याच्या एका शेतावर कारकून होतो. शेत सुटलं, तंतू राहिले. मी सांगायला लागलो की झाड वीतभर जास्त वाढतं, हे मित्रांना ठाऊक आहे. तेवढं छाटून वाचा.

* * *

आमचे पाठक साहेब पुण्याचे. त्यांनी देशी कपाशी आणि अमेरिकन कपाशी यांचा संकर केला. झाडं पुरुषभर उंच झाली, फुलांनी लगडली, पण बोंड म्हणाल तर एक नाही.

शेतावरचा माळी सदाशिव. त्याला वाटलं, जमीन कमी पडली. त्यानं गाड्यांवर गाड्या शेणखत ओतलं, बांधावर काळं गाडगंही टांगलं. शेवटी साहेबांनी त्याला बसवून सांगितलं, "अरे, दोष जमिनीचा नाही. दोघांची जातच जुळत नाही."

सदाशिवनं हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"मंग साहेब, मी एवढं शेणखत कोणाले चारलं?"

* * *

सदाशिवची आई रखमाबाई. जवळच त्यांची भाजीची बाग. एकदा ती वांग्यांची टोपली घेऊन बांधावरून चालली होती. झाडं बघून थांबली. "वांझ झाड कायले पोसून राह्यले? उपटून फेका."

मागे दुसरी टोपली घेऊन तिची सून उभी होती. काशी. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. सदाशिवसाठी आसेगावची एक मुलगी पाहून ठेवलेली होती आणि तुळशीचं लग्न लागलं की बोलणी पक्की व्हायची होती. हे काशीसकट साऱ्या गावाला माहीत होतं.

साहेब तिथंच फुलं मोजत होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, कळ्या वेचायला बाई हवी, त्या काशीला विचारा.

* * *

कळ्या कशाला, तर सूक्ष्मदर्शकात बघायला. पेशीच्या पोटात एक बारीक गोळा असतो, केंद्रक. पेशी दुभंगायला आली की त्यातून गुणसूत्रांचे धागे उघडे पडतात. ते बघायचे तर कळीतले केसर लाल रंगात सुईनं चेचावे लागतात. साहेबांची सुई पुण्याची, चकचकीत. आठ दिवस चेचलं, सगळा नुसता गुलाबी चिखल.

नवव्या दिवशी सुई हरवली. काशीनं पदराला खोचलेली गोधडीची सुई काढून दिली. पार गंजलेली. साहेबांनी नाक मुरडत ती वापरली, भिंगाला डोळा लावला आणि खुर्चीतून उठलेच. धागे लखलखीत! गंजातलं लोखंड रंगाला धरून ठेवतं म्हणे.

साहेबांनी लगेच वरच्या कचेरीला मागणी लिहिली: गंजलेल्या सुया, अर्धा डझन.

उत्तर आलं: साठ्यात फक्त नव्या आहेत. गंज स्थानिक पातळीवर चढवावा.

* * *

काशीचा हात मात्र देवाचा. दोन बोटांत कळी धरायची आणि म्हणायची, "हे निजेल हाय. हे जागी हाय." निजलेल्या कळीत पेशी गप्प असायच्या, जागीत दुभंगत असायच्या. साहेब आधी हसले. मग त्यांनी घड्याळ, पट्टी, मोजमाप सगळं गुंडाळून ठेवलं. तिला विचारल्याशिवाय कळी तोडेनात.

* * *

सून दिवसभर नळीत काय बघते, हे तपासायला एक दिवस रखमाबाई आली. साहेबांनी तिलाच भिंगासमोर बसवलं. म्हणाले, पराग तयार होताना धागे जोडीजोडीनं उभे राहतात, मग एक इकडे जातो, एक तिकडे. या संकरात तेरा धाग्यांना जोडीदारच नाही. ते भरकटतात, म्हणून बी धरत नाही.

रखमाबाईनं एक डोळा मिटून खूप वेळ पाहिलं.

"पंगतीत पाट न भेटलेल्या मानसावानी उभे हायेत बिचारे," ती म्हणाली. "दोष कोणाचा, देशीचा का अमेरिकनचा?"

"कोणाचाच नाही, बाई."

काशी कोपऱ्यात सुई पुसत होती. पुसतच राहिली.

"मंग इलाज?"

इलाज होता. एक औषध असं आहे की धागे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगायची थांबते. म्हणजे प्रत्येक एकट्याला त्याचाच जुळा मिळतो.

* * *

पण औषध विलायतेचं आणि लढाई चालू. पार्सल काही येईना. ते एका कंदापासून काढतात, असं साहेब बोलता बोलता म्हणाले आणि पुस्तकातलं चित्र दाखवलं. मी म्हटलं, हा तर हकिमाकडचा सुरंजान, रखमाबाई गुडघ्यांना चोळते तो!

आम्ही दोघं कारंज्याला गेलो. हकीमसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "किसके घुटनों में दर्द है?"

साहेबांना खोटं बोलता येत नाही. "कपास के."

हकीमसाहेबांनी शांतपणे पुडी बांधली. "खट्टा मत देना."

* * *

साहेबांनी त्याचा अर्क काढला. शेंड्यांना लावला. बरेच शेंडे जळाले, एक फांदी तगली. तिची पानं जाड झाली. आणि दिवाळीच्या सुमारास काशी शेतातून पळत आली, नुसती ओंजळ करून दाखवत राहिली. त्या फांदीला बोंड धरलं होतं. साहेब एका पायात चप्पल घालून बांधापर्यंत धावले.

गावभर झालं: वांझ झाडाले औषध लागू पडलं.

* * *

दोन दिवसांनी अर्काची बाटली नाहीशी. तिच्यावर लाल शाईनं 'विष' लिहिलं होतं, पण रखमाबाईला वाचता कुठं येत होतं? वांझपणाचं औषध म्हणून तिनं ते काशीला पाजलं असलं तर! आम्ही सदाशिवच्या घरी धावत सुटलो.

काशी धडधाकट होती. अंगणात सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रखमाबाई ओकून ओकून अर्धी झालेली.

साहेब ओरडले, हे काय केलंत म्हणून. म्हातारी कशीबशी बोलली, "सुनेसाठी आनली होती. पन परक्याची लेक हाय, साहेब. आंधी मी घोटभर पिऊन पाह्यली."

हकीम आले, डॉक्टर आला. सहा दिवस काशीनं तिला लेकरासारखं सावरलं. कळ्या तशाच फुलून गेल्या. साहेबांनी एकदाही हाक मारली नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि ठरल्याप्रमाणे आसेगावचे पाहुणे आले. मी ओसरीवरच होतो. रखमाबाई भिंतीला टेकून बसली होती, काशी तिला पेज भरवत होती. पाहुण्यांनी सुपारी पुढं केली.

रखमाबाईनं घास गिळला. सुपारी बोटानं मागं सारली.

"पोराले दुसरी बायको भेटन, भाऊ. मले दुसरी काशी कुठून भेटन?"