एल्स्पेथ रेनी आणि दोन स्लाइस पांढरा पाव

एल्स्पेथ रेनी आर्ब्रोथमधल्या आमच्या नळ-पाइपांच्या दुकानात पहिल्यांदा आली, तेव्हा काउंटरवरच्या आम्ही तिघांनी तिला शॉवरचे पडदे कुठे टांगलेत ते दाखवलं. तिने शांतपणे तांब्याच्या पाइपचे दहा एल्बो, म्हणजे कोपऱ्यात वळणारे तुकडे, आणि डाखाच्या तारेचं एक रीळ मागितलं. पुढच्या तीस वर्षांत तिने ही गोष्ट एकदाही काढली नाही, त्यामुळे ती मला रोज आठवायची.

प्लंबिंगचं काम ती डंडीला, बोटी बांधायच्या यार्डात शिकली. पहिली दोन वर्षं मुकादमाने तिला चहाच करायला लावला. बाईच्या हातचा चहा चांगला होतो, हे ज्ञान त्याला उपजतच होतं. तिसऱ्या वर्षी एका बोटीतल्या पाइपांचे जोड गळायला लागले. जोड मुकादमाच्याच हातचे, आणि त्या अरुंद बोळकांडीत त्याचं पोट शिरेना. एल्स्पेथ आत सरपटत गेली आणि संध्याकाळी सगळे कोरडे करून बाहेर आली. त्यानंतर मुकादम आपला चहा आपण करू लागला. चांगला करायचा म्हणे.

गिलख्रिस्ट साहेबांची गोष्ट बरीच नंतरची. आयुष्यभर शाळा तपासल्यामुळे, निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून ते बेचैन होते. त्यांनी वाचनालयातून प्लंबिंगचं पुस्तक आणलं आणि माझ्याकडून पाइप, डाख द्यायची बत्ती, तार असं सगळं नेलं. मी म्हटलं, पाइपचं टोक तारेच्या घासणीने घासून घ्या, नाहीतर डाख धरत नाही. ते म्हणाले, नवं तांबं चकचकीत असतं, ते घासायचं कशाला? एवढ्या शिकलेल्या माणसाशी मी काय वाद घालणार.

साहेबांनी बाथरूममध्ये नऊ जोड केले. त्यांतले सात गळले. उरलेल्या दोहोंत पाणी पोचतच नव्हतं. चार दिवस त्यांनी खाली वाडगी मांडून पाहिली आणि मग एल्स्पेथला फोन केला.

दारात तिला पाहून त्यांनी आधी तिच्या पाठीमागे पाहिलं. मिस्टर रेनी कधी येतील, असं विचारलं.

"ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात," एल्स्पेथ म्हणाली. "पाइप त्यांच्याकडेही आहेत, पण त्यांतून पाणी येत नाही. मी येऊ आत?"

डाख जोडाच्या आत सोडून सगळीकडे पोचला होता. फरशीवर, टबात, एक थेंब तर साहेबांच्या सपातेवर. तिने ते सगळं कापून काढलं आणि नव्याने सुरुवात केली. टोक गुलाबी होईतो घासायचं, वर डाखाच्या मलमाचा पातळ हात, मग ते एल्बोत घट्ट बसवायचं. ज्योत तारेला नाही, जोडाला द्यायची. जोड पुरेसा तापला की तार नुसती टेकवायची, डाख तो आपणच आत ओढून घेतो. साहेब मागे उभे राहून पुस्तकातलं एक्केचाळिसावं पान मोठ्याने वाचत होते.

"साहेब, पुढचं पान मनात वाचा," ती म्हणाली. आठ जोड झाले.

नववा कोपऱ्यात, अगदी खाली. घराचा मेन कॉक जुना, पूर्ण बंद होईना. पाइपातून पाण्याची बारीक धार येतच राहिली. आत पाणी असलं की जोड कितीही भाजा, तापत नाही. एल्स्पेथने दोन स्लाइस पांढरा पाव मागितला. जेवायची वेळ अजून झालेली नाही, असं साहेबांनी तिला सांगितलं.

तिने समजावलं की पावाचा गोळा पाइपात कोंबला की पाणी थोपतं, आणि नंतर तो विरघळून निघून जातो. साहेबांकडे पाव होता, पण पोटासाठी आणलेला तपकिरी, बियांचा. त्या बिया नळात अडकल्या असत्या. बुधवारी दुपारनंतर गावातली सगळी दुकानं बंद असतात. उरलं शेजारचं घर.

शेजारी राहायची नॅन कार्गिल. ती परसात पिंपावर मासे धुरवायची आणि साहेब त्या धुराबद्दल कौन्सिलला पत्रं लिहायचे. अकरा वर्षं दोघांत शब्द नव्हता. पत्रं मात्र भरपूर होती.

साहेबांनी तिच्या दारात उभं राहून दोन स्लाइस पांढरा पाव मागितला.

"धूर लागलेला चालेल का?" नॅनने विचारलं.

साहेब चालेल म्हणाले. ते म्हणताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, हे नॅनने नंतर अख्ख्या बंदराला करून दाखवलं. पाव काही तिने त्यांच्या हातात दिला नाही. स्वतःच घेऊन आली आणि बघायला टबाच्या काठावर बसली.

एल्स्पेथने कडा काढून गोळा वळला आणि आत सारला. धार थांबली. तिने ज्योत धरली, तार टेकवली आणि जोडाभोवती चांदीसारखं एक कडं सरकन फिरलं. त्या क्षणी आपण अजूनही श्वास रोखून धरतो, असं तिने मला एकदा सांगितलं होतं. साहेबांनी पुस्तक मिटलं.

मग पाणी सोडलं. नळ दोनदा खोकला, पांढरा लगदा ओकला आणि स्वच्छ वाहू लागला. जोडाखालचा कागद कोरडा.

"बघा, तुमच्या नळाला पचला," नॅन म्हणाली.

दोघांत लगेच गोडी झाली असं समजू नका. पुढच्या महिन्यात साहेबांनी धुराबद्दल पुन्हा पत्र लिहिलं. फक्त या खेपेला त्यात 'माझ्या आदरणीय शेजारीणबाई' असं घातलं.

आणि त्यांनी बोलिंग क्लबात 'घरच्या घरी तांब्याचे जोड' या विषयावर भाषण दिलं. पावाची युक्ती त्यांना अनुभवाने सुचली होती म्हणे. एक स्थानिक बाई हाताखाली होती, असाही उल्लेख झाला. क्लबाने टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानातल्या बत्त्या संपल्या.

हे एल्स्पेथला सांगताना मला राग आवरत नव्हता. ती एल्बो मोजत होती.

"किती जणांनी नेल्या?" तिने विचारलं.

मी म्हटलं, चौदा.

"मग फोनजवळ कोणालातरी बसवावं लागेल," ती म्हणाली आणि तारेची आणखी दोन रिळं घेतली. नाताळापर्यंत तिला उसंत मिळाली नाही.