तिरका बघणारा उपग्रह

पावसाळाभर बारडोलीच्या बसमध्ये तो गृहस्थ नेमका माझ्याच शेजारी बसायचा आणि पर्वत पाटियाचा थांबा सुटला की माझी छत्री मागून घ्यायचा. त्याला रडारवाल्या उपग्रहाचं वेड होतं. "साध्या उपग्रहाला ढग आडवे येतात, भाऊ. रडारवाला ढगातून बघतो, आणि असा तिरका बघतो," म्हणत तो ओली छत्री तिरकी धरायचा आणि तिचं पाणी माझ्या पायांवर गळायचं. मी पाय आवरून घ्यायचो, तरी बँकेत कामावर ओल्या पॅन्टनेच पोचायचो.

एकदा खाडीचं पाणी रस्त्यावर आलं आणि बस थांबली. रस्ता कुठे संपतो नि उसाचं शेत कुठे लागतं, काही कळेना. हा मात्र खुशीत. "काही वर्षांनी बघा, उपग्रहाच्या फोटोत हे पाणी काळं दिसेल, रात्रीसुद्धा. ड्रायव्हरला डेपोतच कळेल."

"आणि आज काय करायचं?" मी वैतागून विचारलं.

"आज कोणीतरी उतरायला हवं."

त्याने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझ्याच छत्रीने रस्ता चाचपत तो पाण्यातून पुढे निघाला. बस हळूहळू त्याच्यामागून गेली. पलीकडे तो निथळत परत शेजारी येऊन बसला. छत्री पार वाकली होती.

"तर काय सांगत होतो, तिरका बघतो," म्हणत त्याने ती पुन्हा धरली.

त्या दिवशी मी पाय आवरले नाहीत.