बहिणीच्या पुस्तकाला दोन तारे

दर रविवारी सकाळी मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचलेल्या पुस्तकाबद्दल मत टाकतो. कादंबऱ्या मला चालत नाहीत, खरंखुरं काहीतरी पाहिजे. मध्यंतरी झोपेवरचं एक वाचलं. इतकं लांबवलंय की वाचतानाच डोळा लागला. उपयोग झाला म्हणून तीन तारे दिले. मग एका निवृत्त साहेबांचं आत्मचरित्र. आरती स्वतःची, ताटही स्वतःच फिरवतोय! एक तारा. मुंग्यांवरचं मात्र झकास, पाचपैकी पाच. पुतणे अंगठे टाकतात, काका कुणाला सोडत नाहीत म्हणतात. ऐकून छाती फुगायची, खोटं कशाला बोलू.

अशात मंद्रूपला दिलेली धाकटी बहीण आली. तिनं पुस्तक लिहिलंय, आईच्या शेवटच्या वर्षांवर. आई तिच्याकडेच होती. नवी पेठेतल्या छापखान्यातून पहिली प्रत घेऊन बाई थेट माझ्याकडे. आमच्यात नवं काही आलं की आधी थोरल्याच्या हातात द्यायची रीत, मग गाडीची किल्ली असो नाहीतर लग्नाची पत्रिका. तिनं देवापुढं प्रत ठेवली, नारळ ठेवला, माझ्या पाया पडली.

"दादा, ग्रुपवर लिही की. बाकीच्यांचं लिहितोस तसंच. बहीण म्हणून सोडू नकोस."

मला तेवढंच पाहिजे होतं. निम्मं वाचलं. आई सगळं विसरायला लागलेली, मराठी सुटून नुसतं कानडी उरलेलं. रोज अंघोळ, रोज दुधात भाकरी कुस्करून भरवणं, रोज चादर बदलणं. आणि येईल त्याला आईचं एकच, "ऊट आयता?" जेवलास का? पानापानावर ऊट आयता. मी वैतागलो. रविवारी लिहून टाकलं, "भावना खऱ्या. पण तेच ते, तेच ते. कुणीतरी कात्री चालवायला हवी होती. दोन तारे." बहिणीलाही सोडलं नाही म्हणून स्वतःवरच खूश होऊन अंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर एकही अंगठा नाही. बायकोनं चहा पुढं ठेवला.

"शेवटपर्यंत वाचलंत का हो?"

"अंदाज येतो की."

"मग वाचा."

हट्टानं पुस्तकाला हात लावला नाही. बुधवारी लावला. आपल्याबद्दल कुठं काय लिहिलंय तेच शोधत होतो. एका ठिकाणी सापडलो. आज दादा आला. आईनं विचारलं, ऊट आयता? तो हो म्हणाला. तिनं परत विचारलं. दादा चिडला, एकदा सांगितलं ना! चहा घेऊन गेला. आई दिवसभर मला विचारत राहिली, तो जेवून गेला का?

बस, एवढंच. मंद्रूप इथून एसटीनं तासाभराच्या वाटेवर, आणि अख्ख्या पुस्तकात मी एवढाच. उरलेली पानं दोनदा उलटून बघितली.

लाजेनं कान तापले. मत पुसायला गेलो तर सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत संपलेली, आता फक्त माझ्या फोनमधून जाणार. म्हणजे मी सोडून सगळ्यांना ते दिसत राहणार! कुठं तोंड लपवू असं झालं. शेवटी बहिणीला फोन लावला. चुकलो म्हणायचं ठरवलं होतं, पण जीभ रेटेना.

"अगं, ते तेच ते म्हणालो ना मी..."

"खरंच हाय की दादा," ती म्हणाली. "रोज तेच आसायचं."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. पण आवाजात राग नव्हता. पलीकडं भांडी वाजत होती, ती कामातच होती. मग म्हणाली, "जेवलास का?"

ऐकू आलं नसेल असं वाटून तिनं परत विचारलं.