पोटातली उघाडी

“तुमच्या आतड्याला व्रण पडलाय,” डॉक्टर म्हणाले. त्यावर मी त्यांना विचारलं, “आज तिथी कोणती?” त्यांना वाटलं, मी ऑपरेशनसाठी मुहूर्त शोधतोय.

डुओडेनल अल्सर हे त्या व्रणाचं नाव. जठर संपून आतडं जिथे सुरू होतं, तिथे आतून झालेली जखम. पोट रिकामं राहिलं की आम्ल तिला झोंबतं आणि कळ येते. परफोरेशन झालं, म्हणजे आतडं तिथे फुटलं, तर माणूस हाती लागत नाही, हेही त्यांनी सांगितलं. माझी बायको सुंदरा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. मी मात्र मनात तिथीची पाऊणपट करत होतो.

ते का, हे सांगायला हवं. धरमतरच्या खाडीकाठी आमची शेतं भरतीच्या पाण्याहून खाली आहेत. बांध घालून खारं पाणी अडवलेलं. बांधाला एक उघाडी, म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटीला ते पावसाचं पाणी बाहेर सोडतं आणि भरती लागली की आपसूक मिटतं. मिटताना त्यात ओंडका अडकला की कारभार आटोपला. त्या दाराचा राखणदार मी. पगार गावकीचा, पण खरा साहेब चंद्र. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी व्हायची वेळ कळते, आणि ती रोज पाऊण तास पुढे सरकते. या साहेबाला रविवार नाही.

माझ्या मुलीच्या, जनाच्या पाचवीला घरात पाहुणे होते. भरतीच्या वेळी मी पंगतीत बसलो. तेवढ्यात बाभळीचं खोड झडपेत अडकलं आणि खारं पाणी नुकत्या लावलेल्या भातात शिरलं. तीन घरांची शेतं जळाली. त्यातलं एक हिराआयचं. ती म्हातारी एकटी. मला कोणी शिवी दिली नाही. हिराआय तेवढी म्हणाली, “तवा तू जेवत व्हतास ना रं?”

त्या दिवसापासून भरती उतरल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरेना. उघाडीवर असो की घरात, ताट पुढे आलं की ते वाक्य ऐकू यायचं. सुंदरा ताट झाकून ठेवायची. जना सहा वर्षांची झाली, पण बापाबरोबर पंगतीला कधी बसली नव्हती. सुंदरा म्हणायची, “उघाडी घरी आणू नका.” मी चिडायचो. शेवटी एकदा काळं शौच झालं, बांधावरच घेरी आली, आणि मला लाँचमधून मुंबईच्या इस्पितळात नेलं.

तिथे बेरियम मील झालं. पांढरा खडूसारखा काला प्यायला देतात आणि क्ष-किरणांनी पोटाचा फोटो काढतात. चव विचारू नका. मग दर दोन तासांनी दूध, अँटॅसिड म्हणजे आम्ल मारणारं औषध, आणि पूर्ण विश्रांती. तरी कळ थांबेना. डॉक्टरांनी सुंदराला कळेच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. सकाळी नऊ. दुसऱ्या दिवशी पावणेदहा. तिसऱ्या दिवशी साडेदहा. कागद पाहून ते बुचकळ्यात पडले. सुंदराला कळलं होतं, पण मी तिला डोळ्यांनी दटावलं होतं.

शेजारच्या खाटेवर उरणकडचे एक मिठागरवाले काका होते, पाय मोडलेले. त्यांनी कागद मागून घेतला आणि हसले. “दाक्तर, ही त भरतीची येल हाय! ह्यो गडी हितं बसून उघारी राखतंय. दुधाचा पेला खाटंखाली ठेवतंय न पानी उतरलं का मंग पितंय. मी रोज बघतंय ना.”

मला लाज वाटली, आणि रागही आला. डॉक्टर खाटेवर बसले. “औषध मी देईन,” ते म्हणाले, “पण तुम्हाला त्या दारावरून उठवायला माझ्याकडे औषध नाही. इथून खाडी दिसत नाही. घरी गेल्यावर काय कराल?”

भिंतीकडे तोंड करून मी रडलो. मग पेला काढून प्यायलो, साडेदहाच्या भरतीला. दूध नासलं नव्हतं, एवढीच देवाची कृपा.

मी घरी येण्याआधीच सुंदरा गावकीपुढे उभी राहिली होती. भरतीला मी एकट्याने बसायचं नाही, घराघराने पाळी घ्यायची, असं ठरलं. मला ते पटेना. दुसऱ्याच्या हातात उघाडी म्हणजे जिवाला घोर.

पहिल्या दिवशी दुपारी ताट वाढलं आणि हात थांबला. मी उठून दारापाशी गेलो. बाहेरून हिराआय चालली होती, हातात खोड ओढायचा आकडा.

“आज माजी पाली हाय,” ती म्हणाली. “तू जेव.”

ती थांबली नाही.

कळ अजून कधीतरी येते. तुमचं काम तुमच्या पोटात शिरलं असेल तर खाटेखाली पेले लपवू नका, डॉक्टरांना खरं सांगा. मला सांगता आलं नाही, काकांनी सांगितलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

त्या दुपारी मी आत आलो. “बाबा, भात निवला,” जना म्हणाली. मी तिच्या शेजारी बसलो आणि भरती पुरी होईपर्यंत ताटावरून उठलो नाही.